खोबरेलावर चालणारी गाडी

थंडीने गोठलेली खोबरेलाची बाटली गरम पाण्यात ठेवली आणि वास सुटताच नव्वदच्या दशकात भेटलेला तो कमांडर आठवला. बोगनविल बेटाच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं जंगलात लढलेला, वाटाघाटींसाठी इथे न्यूझीलंडला आलेला. मी त्या वाटाघाटींच्या ठिकाणी नर्स होते. त्याचा गुडघा सुजला होता, म्हणून मी व्हीलचेअर आणली.

"त्या सरकारवाल्यांसमोर खुर्चीतून ढकलत नेणार मला?" तो गुरगुरला. मग माझ्या वेणीला येणारा खोबरेलाचा वास ओळखून त्याने तेलच मागितलं आणि गुडघ्याला चोळलं.

"नाकेबंदीत त्यांनी आमचं पेट्रोल तोडलं, तेव्हा आमच्या गाड्या यावरच डोंगर चढल्या."

घामाघूम होत तो पायऱ्या चढला. हट्टी म्हातारा, मी पुटपुटले होते.

आज माझाच गुडघा सुजलाय. लेक म्हणाली, "आई, जस्ट टेक द लिफ्ट!"

तेल चोळत म्हटलं, "तू जा लिफ्टने."