आप्पांचा डबा आणि आमची साफ केलेली कॅसेट

अमळनेर स्टेशनवर पॅसेंजरमध्ये सामान चढवताना दारातल्या एका माणसाने मला विचारलं होतं, "कुणाच्या लग्नाला रे?" गाडीतले सगळे हसले. मी एकोणीस वर्षांचा. एका हातात कळण्याच्या भाकरींचं गाठोडं, दुसऱ्या हातात गोधडीत गुंडाळलेला भोंगा, आणि पायाशी आप्पांचा डबा, म्हणजे त्यांचा अँप्लिफायर. त्याच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात आमच्या गावच्या बँडचं नाव ठळक लिहिलेलं. ते हसू मला इतकं लागलं की सुरतेत उतरेपर्यंत मी पिवळी अक्षरं भिंतीकडे करून बसलो. आज वाटतं, त्या माणसाला तिथंच ठणकावून सांगायला हवं होतं, की हो, लग्नाचंच मशीन आहे, तुझं काय जातं? नाही सांगितलं. तिथून पुढचा सगळा घोळ सुरू झाला.

गावाकडच्यांनो, आणि माझ्याआधी किंवा नंतर तापीकाठी पोट भरायला आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं की आप्पांचे कान गेले म्हणून त्यांनी बँड सोडला. तसं नाही. नीट वाचा.

आप्पा, म्हणजे माझे वडील, वरातीत बेंजो वाजवायचे. कळा दाबून वाजवायचा तो तारांचा बेंजो, त्यात तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवलेला, तिथून वायर या डब्यात, आणि डब्यातून भोंग्यात. सगळं चालायचं ट्रकच्या बॅटरीवर, हातगाडीवर ठेवून. आवाज शेवटपर्यंत फिरवला की बेंजो बेंजो राहायचा नाही, करवत लोखंडावर फिरावी तसा कापत जायचा. ताशेवाल्यांच्या आवाजावरून पुढे जायचं असेल तर तसंच करावं लागायचं. वर्षानुवर्षं भोंग्याशेजारी उभं राहून आप्पांना उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, पण त्या डब्याचा आवाज त्यांना कुठूनही ओळखू यायचा. मी निघालो तेव्हा बँडने नवा डबा घेतला होता. जुना त्यांनी स्वतः माझ्या हवाली केला. म्हणाले, "हाऊ डबा लई जाय. पन त्याना आवाज दाबू नको." आई मागून सांगत होती, "तठे उपाशी ऱ्हाऊ नको." आईचं मी ऐकलं.

सुरतेत गोडादऱ्याला एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो आणि लिंबायतमधल्या कारखान्यात माग चालवायचो. बारा तास खटाखट खटाखट. शेजारच्या मागावर लातूरचा माधव होता. तो जेवायला बसला तरी पायाने मागाचा ठेका धरायचा. हेवी मेटलची पहिली कॅसेट आम्ही दोघांनी एका गुजराती मित्राकडे, हितेशकडे, ऐकली. माधव खदखदून हसला. "आरं, ह्यो तर आपला कारखानाच हाय की! ह्यात नवीन काय हाय?" हितेशकडे बेस गिटार होती. मी एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी, मान जरा वाकलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. माधवने ड्रमचं दुसरं पेडल मागाच्या भंगारातून वेल्डिंग करून बनवलं. तारा सैल करून खालचा सूर लावायचा, गिटार आप्पांच्या डब्यात जोडायची आणि बटण शेवटपर्यंत फिरवायचं. झाला आमचा बँड.

त्या आवाजाबद्दल लोक काय काय बोलले ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. खोलीमालक म्हणाला, मांजर मारताय काय. मुंबईहून हितेशच्या ओळखीची दोन मुलं आली होती, त्यांच्याकडे परदेशी अँप, पायाखाली दाबायच्या रंगीत पेट्यांची रांग. डब्याची पिवळी अक्षरं तेव्हाही भिंतीकडे होती. आमचा टोन ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एकाने विचारलं, "हा कुठला अँप?" मी काय बोललो असेन? "इम्पोर्टेड आहे. एका बोटीवरच्या माणसाकडून घेतला, हजीऱ्याच्या बंदरात." खोटं! सपशेल खोटं! आणि ते पकडलं जाऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी काळा ऑइलपेंट आणून गावच्या बँडचं पिवळं नाव मी पुसून टाकलं. दोन हात दिले. माधव नुसता बघत होता. "बापाचं नाव हाय व्हय त्यावर?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "गावाचं आहे."

आणि तरी रेकॉर्डिंग झालं ते केवळ त्या डब्यामुळे. चार गाणी होती. हितेशने भाड्याने चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणला. इतर दिवशी शेजारच्या शेकडो मागांची घरघर वीजवाहिनीतून थेट टेपवर यायची, काही केल्या जायची नाही. म्हणून आम्ही कारखान्याच्या सुट्टीचा दिवस निवडला, त्या दिवशी पूर्ण भागाची लाईट बंद असायची. लाईट बंद म्हणजे परदेशी अँपवाले घरी बसले असते. आमचा डबा मात्र वरातीचा, त्याला बॅटरी लागते! एक ट्रकची बॅटरी डब्याला, एक रेकॉर्डरला. कारखान्यात अशी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. कोऱ्या, न रंगवलेल्या ग्रे कापडाचे ताके भिंतीसारखे रचून माधवचे ड्रम एका बाजूला कोंडले. एक माइक भोंग्याच्या तोंडाशी हातभर अंतरावर, दुसरा पार मागे ताक्यांच्या फटीत. भोंग्याला खालचा सूर जमत नाही, म्हणून एक कागदी स्पीकर पत्र्याच्या कोठीत बसवून तोही जोडला. गिटार मी दोनदा वाजवली, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. शेवटच्या ट्रॅकवर गाण्याचा आवाज आणि बेस एकत्र. संध्याकाळी बॅटरीवरच परत ऐकलं तेव्हा हितेश उठून शेडच्या टोकाला गेला आणि पाठमोरा उभा राहिला. रडत होता गडी. असा आवाज मी त्यानंतर कुणाच्याही रेकॉर्डवर ऐकलेला नाही, आणि हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही.

टेपवरून कॅसेटच्या प्रती काढायला मी रिंग रोडवरच्या एका स्टुडिओत गेलो. तिथे गरबा आणि भजनं रेकॉर्ड व्हायची. मालक किरीटभाई, माणूस सज्जन, चहा दिला, पान पुढे केलं. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांनी कपाळाला आठी घातली. "आ तो फाटेलो अवाज छे, भाई." फाटलेला! मी समजावलं की फाटलेलाच हवा आहे. त्यांनी पुन्हा कान लावला, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, आ तो वरघोडानुं मशीन छे!" वरातीचं मशीन. खोलीत त्यांचे दोन तबलजी बसले होते, ते फिसकन हसले. पॅसेंजरमधलं तेच हसू. किरीटभाईंनी प्रेमाने विचारलं, "साफ करी आपुं?" साफ करून देऊ का?

आणि मी म्हणालो, "करी आपो."

किरीटभाईंवर मी किती वर्षं राग धरला. त्यांनी कापता येईल तेवढं कापलं, घासता येईल तेवढं घासलं, वर देवळात गायल्यासारखा एको टाकला. माझी गिटार डासासारखी गुणगुणायला लागली. पण त्यांचा काय दोष? फाटकं दिसलं की रफू करायचं, हा त्यांचा धंदा. विचारून केलं त्यांनी. हो म्हणणारा मी होतो. आणि मूळ टेप? ती मशीनबरोबर भाड्याची होती. हितेशने परत केली, पुढच्या गिऱ्हाइकाने त्यावर दुसरं काही भरलं. माधवने साफ केलेली कॅसेट अर्धी ऐकली, काढली, आणि माझ्यासमोर खिडकीत ठेवून निघून गेला. नंतर तो सुरतेबाहेर, सचिन नावाच्या भागातल्या कारखान्यात गेला. आमचा बँड तिथंच संपला.

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी गेलो. आप्पांना पत्रात आधीच कळवलं होतं की तुमचा डबा कॅसेटवर आलाय. त्यांनी अंगणात खाट टाकली, टेपरेकॉर्डर डाव्या कानाशी धरला, चार-पाच शेजारी बोलावून बसवले. दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाले, "चांगलं शे. पन आपला डबा कोठे शे यामा?"

मी म्हणालो, "आहे की आप्पा. मागे वाजतोय."

त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा कान नेला. शेवटी टेप बंद करून शेजाऱ्यांकडे बघून कसनुसं हसले. "मना कानच गयात मंग."

त्या लग्नसराईत आप्पांनी बेंजो वाजवला नाही. बँडमास्तर बोलवायला आला, तर म्हणाले, डबा ऐकू येत नाही, सूर कसा सांभाळू? तुम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायला लागलात. मला सुरतेला पत्रातून कळलं, आणि मी उत्तर दिलं, "तब्येतीला जपा." एवढंच! लाज वाटली तेव्हा गप्प बसलो, आणि गप्प बसलो म्हणून आणखी लाज वाटली. तीन वर्षं गेली अशीच.

चौथ्या वर्षी मी डबा घेऊन गेलो. आधी रॉकेल आणि चिंध्यांनी काळा रंग घासला. पिवळी अक्षरं पुरती आली नाहीत, अर्धीच आली. अमळनेरच्या पॅसेंजरमध्ये ती अक्षरं या वेळी माणसांकडे करून बसलो. अंगणात आप्पांसमोर डबा ठेवला, बॅटरी जोडली आणि सगळं सांगितलं: किरीटभाई, तबलजींचं हसू, माझं "करी आपो". कॅसेटमध्ये डबा नव्हताच, तुमचे कान ठीक होते.

आप्पा संतापले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "तीन साल मी बेंजोले हात नही लावा," एवढं म्हणून तोंड फिरवून बसले. आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच आतून बेंजो घेऊन आले, वायर जोडली, बटण शेवटपर्यंत फिरवलं. पहिल्या सुरालाच शेजारची पोरं धावत आली. आप्पांनी मान डोलावली, म्हणजे ऐकू आलं. पण दोन ओळींच्या पुढे हात चालेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले. बोटं उघडमीट करून बघत राहिले. "कान शेतस रे," ते म्हणाले. "बोटं गयात."

आता माझी मुलगी संगणकावर गाणी करते. त्यात जगातले शंभर अँप आहेत, तिच्या गुजरातीत "बधा छे, पप्पा", सगळे आहेत. वरातीचा डबा त्यात नाही. तो गोडादऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आहे. दर रविवारी दुपारी मी लावतो, आणि सोसायटीचा सेक्रेटरी दार वाजवून म्हणतो, आवाज फाटतोय. मी म्हणतो, फाटू दे.

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं, गाव की सुरत? मी त्यांना आप्पांची बोटं अडखळली ती दुपार सांगतो. त्या दुपारी आप्पांनी बेंजो माझ्या मांडीवर ठेवला, खाट ओढून भोंग्याच्या अगदी तोंडाशी बसले आणि म्हणाले, "तू वाजाड. मी ऐकस." मी बेंजो कधी शिकलो नव्हतो. तरी वाजवला, बेसूर, अंधार पडेपर्यंत. बटणाला मी हात लावला नाही.