साडेदहा मतं

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. एकदा मी साऱ्या बायकांचं मत जवळजवळ बुडवलं होतं, आणि तेही चांगुलपणापायी!

आमचे धाकटे भाऊजी मुंबईला कायद्याचे प्रोफेसर. मतदानाचा कायदा हा त्यांचा ध्यास. शाळा न शिकलेल्या बायकांनाही मत हवं, म्हणून ते इंग्रज सरकारकडे अर्ज धाडणार होते. त्यावर एका मोठ्या वकिलांची सही हवी होती. वकील म्हणाले, अशा बायकांना मत देता येतं हे डोळ्यांनी बघेन, तरच सही करीन. झालं, आमच्या चौललाच परीक्षा ठरली.

बायकांना शिकवायचं कुणी? मीच. इंग्रजी सहावीपर्यंत गेलेली गावात मी एकटी ना!

निवडायची होती भजनी मंडळाची प्रमुख. उभ्या होत्या माझ्या चुलतसासूबाई गोदाकाकू आणि शेजारच्या सरूताई. लुगड्याच्या आडोशामागे दोन मडकी ठेवली, कुंकू लावलेलं काकूंचं, हळद लावलेलं ताईंचं. एकेकीनं जाऊन आपली सुपारी एका मडक्यात टाकायची. आठवडाभर मी घोकून घेतलं, मडकं एकच, भीड नको, आणि मत गुप्त.

आम्ही एकवीसजणी. वीसजणी सुपारी टाकून चटचट बाहेर आल्या. शेवटी मी आत गेले आणि हात अडला. माझी तिन्ही बाळंतपणं काकूंनी केलेली. ताईंच्या घरचं ताक आमच्याकडे रोज येणार. दुखवू कुणाला? हळदीकुंकवाला एकीला वाण देऊन दुसरीला रिकामी धाडतो का आपण? कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला. कट्!

भाऊजींनी सुपाऱ्या मोजल्या. काकू साडेदहा, ताई साडेदहा.

वकिलांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. "हे कुणाचं?"

मी हळूच चंची पदराखाली सारली.

मग हौसा कोळीण उठली. "कातरल्याचा आवाज म्या आयकला, सायेब. पन मत गुप्त हाय, आमच्या बाईंनीच शिकवलंय. नाव न्हाय सांगनार."

नाव कशाला सांगायला हवं होतं? वीसच्या वीस तोंडं माझ्या चंचीकडे वळलेली.

भाऊजींचा चेहरा उतरला. "वहिनी, तुम्ही?"

वकिलांनी मात्र शांतपणे अर्ज पुढे ओढला आणि सही ठोकली. "न शिकलेल्या बायकांना खुशाल मत द्या, प्रोफेसर," ते म्हणाले. "शिकलेल्यांचं तेवढं काय करायचं, ते बघा."