आमच्या सपरीचं गोदाम झालं तेव्हा

नगरपंचायतीचा शिपाई कागद देऊन गेला तेव्हा आई मागच्या वाडीत होती. मी तो उभ्याउभ्याच वाचला. घराच्या कर आकारणीची नोटीस होती. समोरच्या सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, नोंदीत ‘गोदाम, वापर व्यावसायिक’ असं लिहिलेलं, आणि कर मागच्या खेपेच्या दुपटीवर गेलेला. हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी, नाहीतर आकारणी कायम.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील सभांची पत्रकं छापून आणत आणि मी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवत असे. त्यामुळे हरकत लिहायला बसले तेव्हा पहिलीच ओळ ‘जंगलावर जगणाऱ्या कष्टकऱ्यांनो’ अशी उतरली. दोन पानं झाल्यावर आईला वाचून दाखवली.

“हरकत एका बाबूले द्याची आहे ना? मंग इतक्या लोकायले काऊन बलावून राह्यली?”

पानं बाजूला ठेवली आणि नोटीस पुन्हा वाचायला घेतली, या वेळी एकेक रकाना. बांधकाम कशाचं, लांबी, रुंदी, वापर. मग ‘वार्षिक भाडेमूल्य’. म्हणजे हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल याचा अंदाज. त्यातून दुरुस्तीपोटी थोडं वजा करायचं आणि उरेल त्यावर कर. मला गंमत वाटली. आमच्या गल्लीत आजवर कोणी घर भाड्यानं दिलेलं नाही. जे भाडं कधी येणार नाही, त्यावर आम्ही सगळे कर भरत होतो.

पण गोदाम कुठून आलं? शेजारच्या दोन नोटिसा मागून आणल्या. त्यांच्याही सपऱ्या गोदामं झालेल्या. तेव्हा आईला आठवलं, नगरपंचायतीचे मोजणीवाले तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामात आले होते. त्या दिवसांत प्रत्येक सपरीत पानांचे ढीग असतात आणि घरचे सगळे पुडे बांधत बसतात. पंधरा दिवसांनी आले असते तर त्यांना एक खाट आणि चार कोंबड्या दिसल्या असत्या.

“बाकीचं वाच,” आई म्हणाली.

सपरी, मधली खोली, रांधायची खोली. संपलं.

“अन् मागची?”

मागची खोली नव्हती. वडील गेल्यावर आईनं तेंदूपत्ता तोडून, मोहफुलं वेचून दोन वर्षांत बांधलेली विटांची खोली मोजणाऱ्यांना दिसलीच नव्हती. मी म्हटलं, बरंच झालं, तेवढा कर वाचला, आपण बोलायचं नाही.

आईनं नोटिशीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “घर तुह्या बापाच्या नावानं. म्या बांधली ते खोली कागदावर नाई. मंग या घरात मी कुठी आहो?”

मी हरकत नव्यानं लिहिली, या वेळी एकाच बाबूला, आणि मुदतीत दिली.

सुनावणीला गेलो. बाबूनं सपरी लगेच घरगुती करून दिली. मागच्या खोलीचं ऐकून मात्र त्यानं पेन खाली ठेवला.

“बाई, लोक लपवतात. तुमी दाखवून राह्यल्या. कर वाढन ना.”

“लपवाले मी का चोरून बांधली? पत्त्याचे पैसे आले का पयला हप्ता भरीन, धानाचे आले का दुसरा. तुमी लिवा, भाऊ. अन् नाव माहं टाका.”

त्यानं समजावलं की ही नोंद करापुरती असते, तिनं मालकी सिद्ध होत नाही. आणि नाव बदलायला मृत्यूचा दाखला आणि वारसाची संमती लागेल. दाखला घरी होता, आणि आईशिवाय वारस म्हणजे मी एकटीच. तिथंच बाकावर बसून चार ओळींची संमती लिहिली आणि आईला वाचून दाखवली.

“खोलीची लांबी-रुंदी टाक त्यात.”

“संमतीत ते लागत नाही, बाई,” बाबू म्हणाला.

“लागत नसन,” आई म्हणाली. “तरी टाक.”

मी टाकली. दहा फूट बाय बारा फूट, आणि कोणी बांधली तेही.