बोटीवरचा उपास

बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडी लागली तेव्हा वळकटी माझ्या डोक्यावर होती आणि बुढी माझ्या मागे. बुढी म्हणजे माझी घरधनीण. आमच्या वऱ्हाडात बायकोला असंच म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही. हमाल करायचा नाही हे मी घरूनच ठरवलं होतं. जन्मभर भाजीची टोपली डोक्यावर वाहिलेल्या माणसाला वळकटी काय जड?

मी भातकुलीकडचा माळी. वांगी, मेथी, सांभार (म्हणजे कोथिंबीर) लावतो आणि अमरावतीच्या बाजारात विकतो. शाळा मी थोडीच पाहिली. लिहिण्यात चूक निघेल, पण जे पाहिलं ते पाहिलं तसंच लिहितो.

जायला कारणं दोन झाली. पावसाळ्यात बुढीला हिवतापाने धरलं. ताप गेला, पण अंगात काही राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, आणि हिला उपाशी मुळीच ठेवू नका. वेळेवर पोटात घास गेला नाही तर चक्कर येऊन पडेल, आणि या अंगाने पडली तर उठणं कठीण. दुसरं कारण आमचे वकीलसाहेब. त्यांच्या घरी मी भाजी देतो. गोवा आपल्याकडे आल्यापासून मोठी माणसं तिकडे जाऊ लागली, तसे तेही मुंबईहून बोटीने जाऊन आले. ओसरीवर अशील बसलेले, त्यांच्यादेखत मला म्हणाले, "माळीबुवा, समुद्र तुमच्या कामाचा नव्हे. बोट भल्याभल्यांना लागते."

बोट लागणे म्हणजे हेलकाव्याने मळमळून ओकाऱ्या होणे. मी म्हटलं, "साहेब, मी विहिरीत उतरून गाळ काढनारा मानूस. मले पानी काय करते?"

अशील हसले. ते काय समजून हसले हे मी विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांची हवा आणि वकिलांचा समुद्र मी एकत्र केला.

अकोल्याला गाडी थांबली. बाळापूरचे आमचे व्याही भाकरी, ठेचा घेऊन फलाटावर उभे होते. खिडकीतून गाठोडं देत म्हणाले, "समुद्रावर चाल्ले म्हंते?"

"चाललो."

"तिथं बसाले जागा भेटते, का उभ्यानंच जा लागते?"

"बोट हाये थे, एसटी नोहे."

व्याह्यांनी मान हलवली. पटलं असं काही त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. गाडी हलल्यावर बुढी म्हणाली, "विचारून घ्याचं होतं ना कोनाले. खरंच जागा नसली तं?" ते मलाही ठाऊक नव्हतं.

मुंबईत आम्ही एका धर्मशाळेत उतरलो. बोटीला अवकाश होता, तेवढ्यात शहर पाहून घेतलं. उंच घरं पाहिली, ट्रामच्या रुळांची जागा पाहिली, चौपाटीवर जाऊन समुद्र पाहिला. बुढी पाण्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. तिने चूळभर पाणी तोंडात घेऊन थुंकून टाकलं.

"एवढं पानी," ती म्हणाली, "अन् एका वाफ्याच्या कामाचं नाई."

याहून जास्त समुद्राबद्दल ती मुंबईत काही बोलली नाही. तिचं मन लागलं ते भाजीबाजारात. एका ढिगातलं वांगं उचलून तिने देठ दाबला. भाजीवाला म्हणाला, "आजची आहेत, आजी."

"आजची कायची बाप्पा. याले तोडून दोन रोज झाले."

भाजीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, यांना घेऊन बाजारात फिरू नका." मी ते कौतुक समजून पुढे निघालो.

धर्मशाळेत जेवण पंगतीत मिळे. बायका-पुरुष एकाच दालनात, समोरासमोर. बुढी तिथे बसायला तयार नव्हती. तिची रीत अशी की माझं जेवण झाल्याशिवाय ती घास घेत नाही, आणि माझ्यासमोर बसून तर कधीच नाही. आमच्या घरोघर हेच चालतं. मी माझ्या बापाच्या घरी हेच पाहिलं.

वाढपी म्हणाला, "आजी, पंगत उठून जाईल."

"उठू द्या. यायचं जेवन झालं का मी बसते."

वाढपी कुरकुरला. शेवटी स्वयंपाकवाल्या बायकांबरोबर ती मागे जेवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जेवते आहे ना, मग झालं.

बोटीच्या दिवशी आम्ही पहाटेच भाऊच्या धक्क्यावर गेलो. जागा धरायची तर लवकर जा, असं धर्मशाळेतल्यांनी सांगितलं होतं. त्या घाईत पोटात नुसता चहा. बोट जवळून पाहिली तेव्हा मी मनात म्हटलं, हे लोखंड तरंगतं कसं? साहेबलोक वरच्या मजल्यावर खोल्यांत. आम्ही खालच्या डेकवर (डेक म्हणजे बोटीची मोकळी जमीन). चढायची फळी लावताच माणसं धावली. ज्याची चटई पडली त्याची जागा. मी वळकटी फेकली ती बरोबर कठड्याजवळ पडली. तिथे मला व्याही असायला हवे होते. जागा पाहा म्हटलं असतं, पाय पसरून निजता येईल एवढी.

आमच्या शेजारी मालवणकडची एक बाई होती. साठीच्या आतली, पत्र्याची पेटी टेकून बसलेली, माहेरी चाललेली. बुढीशी तिची लगेच गट्टी जमली. एकीचं दुसरीला निम्मं कळत असेल, पण बोलणं थांबेना.

भोंगा झाला आणि धक्का मागे सरकू लागला. बंदरात होतो तोवर मी ऐटीत उभा होतो. मोठी जहाजं पाहिली, डोंगर पाहिले, पाण्यावर बसलेले पांढरे पक्षी पाहिले. बंदराबाहेर बोट निघाली तशी तिची चाल बदलली. आधी पुढून वर उचले, मग कुशीवर कले, मग खाली बसे. माझ्या पोटात तेच सुरू झालं. मी खाली बसलो. बसून जास्त झालं, म्हणून उठलो. कठडा घट्ट धरला आणि किनाऱ्याकडे पाहत राहिलो. किनारा सुंदर होता, असं लोक म्हणत होते.

बुढीला काही नाही. ती मजेत चालत होती, शेतातल्या दांडावरून चालावी तशी. दुपारी तिने घरून आणलेलं गाठोडं सोडलं. दशम्या, जवसाची चटणी, फोडलेला कांदा. कांद्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते भुकेचं नव्हे.

"या, बसा," ती म्हणाली.

आता ओकारी झाली असती तर वकिलांचं खरं झालं असतं. वकील तिथे नव्हते, पण मला ते दिसत होते. मी म्हटलं, "आज माहा उपास हाये."

"कायचा?"

"शनवारचा."

"आज तं बेस्तरवार हाये."

"मंग बेस्तरवारचा."

"कधीपासून धरला?"

"आजपासून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने गाठोडं होतं तसं बांधून ठेवलं. मी कठड्याकडे तोंड केलं. मला वाटलं, मागाहून मालवणच्या बाईबरोबर जेवेल.

वाटेत बंदरं लागत होती. तिथे बोट काठाला जात नाही, लांबच उभी राहते. काठावरून पडाव (माणसं आणि माल वाहणारी मोठी होडी) येतात. शिडी सोडतात आणि वर-खाली होणाऱ्या त्या पडावात माणसं उड्या टाकतात. बायका कडेवर पोर घेऊन, डोक्यावर बोचकं घेऊन सहज उतरत होत्या. हे मात्र मी नीट पाहिलं, कारण बोट उभी असली की पोट जरा थांबे. निघाली की पुन्हा तेच.

दिवस कलला. बुढी पाणी आणायला उठली आणि दोन पावलांवर तिचा तोल गेला. बोटीने नव्हे. ती ज्या तऱ्हेने खाली बसत गेली ती तऱ्हा मी घरी पाहिलेली होती. मालवणच्या बाईने तिला दंडाला धरून सावरलं, पेटीला टेकवलं, आणि माझ्याकडे वळली.

"आजोबानू, ह्येंनी सकाळपासून काय एक खावंक नाय. मी भात दिलंय, तो पण घेवक नाय. म्हणता, घोव जेवल्याशिवाय जेवचंय नाय."

घोव म्हणजे नवरा. मला न सांगता कळलं. बुढीचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांचे शब्द मला आठवले, सगळेच्या सगळे.

मी गाठोडं सोडलं. दशमीचा तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात टाकला आणि गिळला. "हे पाह्य, जेवलो," असं म्हटलं. म्हणेपर्यंत कठड्याकडे धावावं लागलं. सगळ्या डेकने पाहिलं. एक खलाशी हसून म्हणाला, "आजोबा, वाऱ्याच्या अंगाला नको, पलीकडे जा." मी तोंड पुसून परत आलो.

"आता जेव," मी बुढीला म्हटलं.

"पोटात राह्यलं नाई, तं जेवले कुठी तुमी?"

"मले बोट लागली. सकाळपासून लागली. उपास नोहता."

"मले ठाऊक हाये."

"ठाऊक हाये, तं जेवली काहून नाई?"

"बोट लागली तरी जेवले नाईच ना तुमी."

"मी सांगून राहिलो, जेव."

ती हळूच बोलली, पण तिचा आवाज मी ओळखतो. "तुमचं सारं आयकते मी. पन हे तुमचं सांगनं नोहे. हे माह्या मायनं सांगतलं."

माझ्या सासूला जाऊन किती वर्षं झाली. तिच्याशी आता कोण भांडणार? मी हट्टी माणूस, सारं गाव जाणतं. पण हट्टी मी एकटाच नाही, हे त्या दिवशी पाण्यावर कळलं. हिला असंच बसू दिलं तर उद्या सकाळी गोव्याला काय उतरवीन, असं मनात आलं आणि मी पुढचा विचार थांबवला.

मालवणच्या बाईकडून मी तिची थाळी मागून घेतली. धुतली. बुढीसमोर ठेवली. चटणी डावीकडे, कांदा चटणीच्या बाजूला, मधे दशमी. पाण्याचा तांब्या उजव्या हाताला. जन्मभर जसं माझ्यासमोर आलं तसंच. मग पंच्याने वारा घालत मी तिच्यापुढे मांडी घालून बसलो. पोट ढवळत होतं, तरी बसलो.

"हे कायले?" ती म्हणाली.

"वाढलं. वाढलेलं ताट सोडून उठू नाई, हे कोनं सांगतलं?"

तिने तांब्या थोडा सरकवला.

"तुह्या मायनंच सांगतलं असंन. का नाई सांगतलं?"

मालवणची बाई तोंडाला पदर लावून हसू लागली. बुढीने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "लोक पायतेत," ती म्हणाली.

"मघा मले पायलं, आता तुले पायतीन."

तिने पदर पुढे ओढला आणि घास घेतला.

लग्न झाल्यापासून मी तिला जेवताना पाहिलं नव्हतं. हे मला तिथे बसल्यावर ध्यानात आलं. ती आधी कांद्याची पाकळी खाते, मग दशमी. घास लहान करते, पाखराला टाकावा एवढा. आणि चावते ते एकाच बाजूने. डावीकडच्या दाढा तिला नाहीत. कधी पडल्या, दुखल्या किती, मला ठाऊक नाही. कडक भाकरीच तर मला आवडते आणि तीच आमच्या घरी रोज होते.

तिने दोन दशम्या खाल्ल्या. ओठांना रंग आला. मग मी आडवा झालो आणि मालवणच्या बाईने दिलेलं लिंबू हुंगत पडून राहिलो. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे मळमळही जरा सोसवली.

मालवणच्या बंदरावर ती बाई पडावात उतरली. उतरताना बुढीला म्हणाली, "आता ह्येंका रोज वाढूक लाव." बुढीने तिला उरलेली चटणी बांधून दिली होती.

सकाळी बोट खाडीत शिरली आणि पाणी शांत झालं. पणजी दिसली. तांबड्या कौलांची घरं, ख्रिस्ती लोकांचं पांढरं देऊळ, पायऱ्या पायऱ्यांचं, आणि जिकडे तिकडे माड. गाव स्वच्छ आहे. भाज्यांत नारळ फार. खानावळीत मासळीशिवाय जेवण मागितलं तर मालकाने आम्ही आजारी आहोत का, असं विचारलं. कढी मात्र त्यांची लाल, आमसुलाची, तिने माझं पोट ताळ्यावर आणलं. बुढी तिथल्या हवेत सुधारली. परतताना मी म्हटलं, गाडीने जाऊ. ती म्हणाली, "काहून? बोटीनंच जाऊ. मले काई होत नाई." बोटीनेच आलो. मला पुन्हा लागली.

अमरावतीला वकीलसाहेबांनी अशिलांसमोरच विचारलं, "काय माळीबुवा, लागली का बोट?"

"लागली," मी म्हटलं. "जाताना लागली, येतानाबी लागली."

ते आणखी काही ऐकायच्या तयारीत होते. मी मेथीच्या जुड्या ठेवून निघालो.

घरी पहिल्या दिवशी सुनेने माझं ताट मांडलं. मी तिला म्हटलं, सासूचंही मांड, आणि भाकर मऊ कर. बुढी चुलीपाशी होती. म्हणाली, "बोटीवरचं बोटीवर. घरी माह्यानं होनार नाई." मी हात धुऊन बसलो आणि ताटाला हात लावला नाही. भाकर निवली. वरण निवलं. सून दारात उभी राहून कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे पाही. बऱ्याच वेळाने बुढी उठली, आपलं ताट घेतलं, माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली, आणि भिंतीकडे तोंड करून जेवू लागली.

तेव्हापासून आम्ही असेच जेवतो. ती पाठ करून बसते, मी काही म्हणत नाही. तिचा घास घेतल्याचा आवाज आला की मी माझा घेतो.