पंधरा मिनिटांची वाट

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी पहिल्यांदा एका माणसापाशी बोललो, आणि आता तुमच्यापाशी बोलतोय. जीभ अजून अडखळते — पण ऐका.

मी नेरे गावचा. पावसाळ्यात दर रविवारी हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरंपोरी गाडीत घालून मुळशीकडच्या एका धबधब्याला नेतो. लहानसाच आहे. गाडी लावायची, भाताच्या बांधावरून चालायचं, एक ओढा ओलांडला की नदी समोर उडी घेताना दिसते. पंधरा मिनिटं. म्हातारं माणूसही गप्पा मारत पोचतं.

दुपारचे डबे माझी बायको करते, सुनंदा. पिठलं, भाकरी, ठेचा. लोक बोटं चाटतात आणि कौतुक मी घेतो. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ती म्हणाली, मलाही दाखवा की तो धबधबा. मी काय सांगावं? — कडा आहे, दोर धरून उतरावं लागतं, तुला झेपायचं नाही.

सुनंदाचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे.

अकरा वर्षं हे खोटं खपलं. यंदा सहलीला आलेल्या एक आजी परतताना रिकामे डबे द्यायला आमच्या दारात उतरल्या आणि बोलून गेल्या — किती सोपी वाट हो, काठीसुद्धा टेकावी लागली नाही! आणि सुनंदा? आजी गेल्यावर म्हणाली, "माज्या पायाची लई काळजी करता तुमी."

काळजी? कसली काळजी — मला लाज वाटायची. त्या टापटीप पोरापोरींसमोर ही लंगडत येणार, सगळे थांबून बघणार, मग हिचा नवरा कोण म्हणून माझ्याकडे बघणार. एवढंच होतं. दुसरं काही नाही.

गेल्या रविवारी तिला नेलं. पाण्यात पाय सोडून बसली, तोंडावर तुषार घेत खळखळून हसली. मला राहवेना. तिथेच सगळं सांगितलं, 'लाज' हा शब्दसुद्धा गिळला नाही. तिचं हसू गेलं. मग उठली, पदर खोचला, पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि पोरींच्या घोळक्यात मिसळून परत निघाली. बांधावर थांबून त्यांना टाकळ्याची भाजी दाखवत होती. मी मागून चालत होतो. तिच्या पायाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं — माझ्याशिवाय.

गाडीपाशी पोचल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्होरल्या ऐतवारी बी येनार हाय मी. तुमी न्हाई आनलं, तरी."