कांबळे बाईंनी बसवलेलं नाटक

आजारी मुलाशी लोक हळू आवाजात बोलतात. कांबळे बाईंना ते जमत नसे. त्यांचे वडील महूला फौजेत होते. आवाज त्यांच्याकडूनच आला असावा. ब्लड कॅन्सरचे उपचार संपवून मी मुंबईहून इंदूरला परतले, डोक्याला रुमाल बांधून वर्गात शिरले, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "आलीस? बस. सतराचा पाढा म्हण."

त्याच वर्षी बाबांची मिल बंद झाली होती. मोहल्ल्यातले पुरुष भरदुपारी ओट्यांवर गप्प बसलेले दिसत.

सहावीतला सलीमही माझ्यासारखाच आजारातून उठला होता. स्नेहसंमेलनात आम्हा दोघांना पाहुण्यांच्या हातून खेळणी द्यायची, असं हेडसरांनी ठरवलं. बाई म्हणाल्या, "सर, बेचारे म्हणून ही पोरं स्टेजवर जाणार नाहीत. नाटक करतील. आणि लोक हसले पाहिजेत."

नाटकात सलीम सियागंज बाजारातला किराणावाला होता, मी भांडकुदळ गिऱ्हाईक आणि सुनीता माझी मुलगी. एकदा तालमीला सुनीताची आई आली. "सुनीताला तिचा हात धरायला लावू नका, बाई. तिचा आजार लागला तर?" मी तिथेच उभी होते. बाईंनी माझा डबा उघडला, त्यातली पोळी-भाजी शांतपणे खाल्ली आणि म्हणाल्या, "बसा ना ताई. आता आलाच आहात तर बघून जा." त्या बसल्या. सुनीता नाटकात राहिली.

प्रयोगाला आम्हाला पाहताच सभागृह गप्प झालं. कुणी डोळे पुसू लागलं. मी विंगेकडे पाहत उभी राहिले. विंगेतून बाई म्हणाल्या, "वंदना, भांडायला आलीस ना? मग भांड."

मी कमरेवर हात ठेवून ओरडले, "क्यों भिया, दाल तोल रहे हो के हवा?" मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. दुसऱ्या रांगेत बाबा पोट धरून हसत होते. दवाखान्यानंतर माझ्यासमोर घरात कुणी हसलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी केस कानाखाली आले होते. मी हक्काने भूमिका मागायला गेले.

"यंदा तू परदा ओढ. मेन रोल सुनीताला."

"पण बाई, मी..."

"तू काय? बाकीच्या पोरींसारखीच तू. दरवर्षी तुलाच कशाला?"

मी रडत घरी आले. आई कणीक मळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्या पोरींसारखीच, असं म्हणाल्या?"

मी मान डोलावली. कणकेच्या हातांनीच तिने मला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.