सिनेमा संपला तरी पोरगी काळीच

“गो चेडवा, तुका कोड आसा काय?”

भर शाळेत, सगळ्या गावासमोर, मला बघायला आलेल्या बाईने हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या तोंडावरून तांदळाचं पीठ ओघळत होतं. कपाळ पांढरं, गाल काळे, हनुवटीवर पिठाचा थेंब लोंबकळतोय, आणि मी हसतेय! कारण आईने घरून निघताना बजावलं होतं, “काय्यव झाला तरी हसत रव.”

मला कोड नव्हतं. मी फक्त काळी होते. पण ते लपवायला आम्ही इतकी मेहनत घेतली होती की आता खरं सांगायचीही पंचाईत झाली.

काळी म्हणजे सावळी, निमगोरी, गव्हाळ असलं काही नाही. काळी. तव्याशेजारी बसवलं तर तवा उजळ दिसावा अशी. मला आधी चौघे बघून गेले होते. त्यातल्या एकाने कळवलं, पत्रिका जुळत नाही. (पत्रिका त्याला दिलीच नव्हती!) हे मसुऱ्याचं स्थळ पाचवं. मुलगा पोस्टात होता, शिपाई का होईना, पण सरकारी. हे मोडलं तर कसालचा बिजवर तयारच होता. वय पंचेचाळीस, तीन मुलं आणि दमा. त्याने मला न बघताच होकार कळवला होता. असा होकार ऐकूनच अंगावर काटा येतो.

आता त्या दिवशी आम्ही शाळेत काय करत होतो, ते सांगते. त्याला कारण माझा बाबलोमामा.

मामा बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा लांबच्या बंदरात एका काळ्या मास्तराशी त्याची दोस्ती झाली. तिकडे म्हणे काळ्या पोरांना जन्मापासून ऐकवतात की तुम्ही दिसायला वाईट. म्हणून तिथल्या लोकांनी आपल्या पोरांसाठी छोटे छोटे सिनेमे काढले होते, की तुम्ही आहात तसे बरे आहात. मास्तराने त्यातले तीन सिनेमे असलेलं एक रीळ मामाला दिलं. मामाने ते डब्यात घालून, डबा लुंगीत गुंडाळून, सात समुद्र ओलांडून खास माझ्यासाठी आणलं.

मी म्हटलं, “मामा, त्यापेक्षा एक साडी हाडलं असतंस तर?”

वैशाखात गावात सरकारी सिनेमाची गाडी आली. मामाने गाडीवाल्या साहेबांना घरी नेऊन सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी वाढली. तिसऱ्या वाटीला साहेब रीळ लावायला कबूल झाले. संध्याकाळी गाडी पुढच्या गावाला जायची होती, म्हणून भर दुपारी खेळ ठेवला. शाळेच्या खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला, भिंतीवर धोतर ताणलं.

आणि नेमकी त्याच दुपारी मसुऱ्याची मंडळी दारात! यायची होती दुसऱ्या दिवशी, पण बैलगाडी मिळाली म्हणून आली. आईने मला मागच्या पडवीत ओढलं. आधी खोबरेल, त्यावर पीठ, त्यावर पुन्हा पीठ. भिंतीला गिलावा करतात तसा तिने मला गिलावा केला. मी बाहेर येऊन पाटावर बसणार, इतक्यात मुलाच्या आईला शाळेतला खेळ कळला. तिने जन्मात सिनेमा बघितला नव्हता.

“चेडू काय खंय पळान जाता?” ती उठलीच. “सिनेम्याची गाडी जायत. आदी सिनेमा बगूया!”

झालं. मुलगा, मुलाची आई, माझी आई आणि गिलावा केलेली मी, असे आम्ही शाळेत जाऊन बसलो. वर तापलेली कौलं, खिडक्या बंद, आत अख्खा गाव. खोबरेल पातळ व्हायला लागलं.

आधी सरकारी सिनेमे झाले. आम्हाला त्यांची रीत तोंडपाठ होती. आधी वाईट, मग चांगलं. आधी अन्नावर माशा, मग वर जाळी. आधी घरातले सगळे आजारी, मग सगळे हसतायत. शेवटी सगळं सुधारणार याची आम्हाला खात्रीच असायची.

मग मामाचं रीळ लागलं. धोतरावर एक पोरगी आली. माझ्याच वयाची, माझ्याच रंगाची. आरशात बघत होती.

“उजेड वाडय रे मेल्या!” मागून कोणीतरी ओरडलं. “तोंडां काळी दिसतत!”

“उजेड बरोबर आहे हो,” साहेब म्हणाले. “माणसंच तशी आहेत.”

पोरगी काहीतरी बोलली. मामा उभा राहून सांगायला लागला, “ती म्हणता, ह्यो रंग माझ्या आयेचो. माका तो आवडता.”

मग आमची शेजारीण सखूकाकी समजुतीने म्हणाली, “थांबा गो. आता साबण येतलो.”

सगळ्यांना पटलं. आधी वाईट, मग चांगलं! आता ही पोरगी गोरी होणार! अख्खा गाव पुढे सरकला. माझी आई तर गुडघ्यांवर उभी राहिली.

दुसऱ्या सिनेमात एक आजी नातीच्या कुरळ्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालत होती.

“आता लेप लावतली!”

“लावल्यान काय?”

“नाय गो, तेल लावल्यान.”

“तेलान होतली! वायच धीर धर!”

तिसऱ्यात बरीच पोरं उन्हात उभी राहून एकमेकांच्या हाताला हात लावून बघत होती आणि हसत होती. एवढंच. रीळ संपलं, फटफट वाजलं, आणि धोतर नुसतंच पांढरंफेक उजळलं.

“झाली! झाली गोरी!” सखूकाकी टाळ्या वाजवत ओरडली.

“खंय? कोण?”

“ता धोतर आसा गो!”

मग जो गोंधळ उडाला! साहेबांनी अर्धाच सिनेमा दाखवला, दुसरा भाग कुठे आहे, लपवला काय? मामा ओरडत होता की दुसरा भाग नाहीच. आणि त्या सगळ्यांवर माझ्या आईचा आवाज, “भाग नको तर नको, औषदाचा नाव तरी सांगा!”

हे ती मुलाच्या आईच्या कानाशी बसून ओरडली. त्या बाईने चमकून तिच्याकडे बघितलं. त्याच वेळी कोणीतरी खिडकीचं गोणपाट ओढलं, ऊन आत आलं, आणि तिने माझ्याकडे बघितलं.

बाकी तुम्हाला ठाऊक आहे. फक्त एवढंच राहिलं, की मागून कोणीतरी म्हणालं, “हो बगा दुसरो भाग! हंयसर बसलो हा!”

काळ्या मुलीला बिजवर तरी मिळतो. कोड असलेल्या मुलीला आमच्याकडे तोही मिळत नसे. मुलाची आई पदर खोचून निघालीच. माझ्या आईने तिचा हात धरला आणि बावीस वर्षं जी गोष्ट तोंडातून काढली नव्हती, ती बोंब मारून सांगितली, “कोड नाय गो बाय! काळी आसा माझी चेडू! जल्माची काळी! गावाक इचार!”

विचारायची गरज नव्हती. गाव साक्षीला धावून आला.

“लय काळी आसा!”

“हिच्यासारकी काळी पंचक्रोशीत नाय!”

“माझ्याच हातार जल्मली,” सखूकाकी म्हणाली. “आदी माका दिसाकच नाय!”

इतकं कौतुक माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

“धुवन दाखय,” मुलाची आई म्हणाली.

शाळेच्या मडक्यातलं पाणी आलं. खोबरेल नुसत्या पाण्याने जाईना, म्हणून कोणीतरी नारळाचं सोडण आणलं, भांडी घासतात ते. माझ्या आईने माझी मान धरली आणि टोप घासावा तसं माझं तोंड घासलं. मग त्या बाईने मला खिडकीपाशी नेलं. दोन्ही गाल बघितले, मान बघितली, कोपर उलटून बघितलं. गाव माना ताणून उभा.

“काळी आसा,” ती शेवटी म्हणाली. “पण सगळीकडे सारकी आसा. आमका चालात.”

आईने रडत रडत साखर वाटली. पोस्टातला मुलगा माझ्याकडे बघायचं सोडून मामाजवळ गेला.

“मामानू, एक इचारतंय. ती सिनेम्यातली चेडू शेवटाक गोरी कित्याक जावक नाय?”

“तिका जावचाच नव्हता,” मामा म्हणाला.

मुलगा वळून रिकाम्या धोतराकडे बघायला लागला. आता इथे, माझ्या मनात काय काय उजळलं वगैरे लिहिलं तर छान दिसेल. पण खरं सांगायचं तर माझे गाल इतके झोंबत होते की मला दुसरं काही सुचत नव्हतं.

लग्न झालं. सासू मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, “आमची सून पक्क्या रंगाची. मी सोता धुवन घेतलंय.” नवऱ्याने पंचेचाळीस वर्षांत माझ्या रंगावरून एक शब्द काढला नाही. (स्वयंपाकावरून काढले, तिकडे तो बरोबर होता.)

पुढे मला नात झाली. सगळे म्हणाले नाक कोणावर गेलं, डोळे कोणावर गेले. मी काय केलं? पोरीला मांडीवर घेतलं आणि आधी तिचा कान परतून मागचा रंग बघितला. (बाळाचा खरा रंग कानामागे कळतो म्हणतात.) सुनेने विचारलं, “आई, काय बघताय?” मी म्हटलं, “मळ बघतंय.”

आई गेली, सासू गेली, मामा बोटीवरच गेला, नवराही गेला. त्या दुपारी शाळेत बसलेल्या आमच्या माणसांतली आता जिवंत मी एकटीच. अक्कल यायची राहिलीय, म्हणून देवाने ठेवली असेल.